डिझेल गाडीचा धूर : रंगावरून निदान

व्यापारी कुटुंबात डिझेलवर चालणारी गाडी ही बहुधा घरातील एक कर्ती व्यक्तीच मानली जाते. सकाळी मुलांना शाळेत सोडणारी, दुपारी मालाचे नमुने घेऊन पेठेत जाणारी आणि सुटीत सर्व कुटुंबाला कुंभोजगिरी, कुंथलगिरी किंवा मांगीतुंगीच्या यात्रेला नेणारी गाडी एकच असते. अशी गाडी एखाद्या दिवशी घाटाच्या चढावर काळ्या धुराचा लोट सोडू लागते. घरातील काही जण ‘गाडी जुनी झाली, धूर निघणारच’ असे म्हणून दुर्लक्ष करतात. काही जण घाईने गॅरेज गाठतात आणि ‘इंजिन उतरवावे लागेल’ हे शब्द कानी पडताच हजारो रुपयांच्या खर्चाला मान्यता देऊन मोकळे होतात. या दोन्ही प्रकारांत नुकसान ठरलेलेच असते. पहिल्या प्रकारात लहान दोष वाढत जाऊन इंजिनच निकामी होते. दुसऱ्या प्रकारात काही शे रुपयांच्या हवाफिल्टरने भागले असते तेथे मोठी रक्कम खर्ची पडते.

वस्तुतः धूर हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे. वैद्य ज्याप्रमाणे नाडी, जीभ व डोळे पाहून निदानाकडे वळतो, त्याप्रमाणे धुराचा रंग, त्याची वेळ आणि त्याचा वास पाहून दोष कोठे असावा याचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो. त्यासाठी गाडीच्या मालकाने यंत्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही. गॅरेजवाल्याला नेमकी माहिती देता येणे आणि त्याने सुचविलेल्या कामाचे कारण विचारता येणे, एवढी तयारी पुरेशी आहे.

डिझेल इंजिनात ज्वलन कसे होते?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे यशस्वीपणे चालले. त्यामागील तत्त्व आजच्या गाडीतही तेच आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा पिस्टनने सुमारे सोळा ते वीसपट दाबली जाते आणि त्या दाबाने तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर जाते. या तप्त हवेत इंजेक्टर डिझेलचे अतिसूक्ष्म तुषार सोडतो आणि ते आपोआप पेट घेतात.

म्हणजे स्वच्छ ज्वलनाला पुरेशी हवा, योग्य मापाचे व नीट फवारलेले इंधन आणि पुरेसा दाब व उष्णता या तीन गोष्टी लागतात. हवा कमी पडली किंवा इंधन जास्त झाले, तर अर्धवट जळलेल्या कार्बनची काजळी बाहेर पडते आणि धूर काळा दिसतो. ज्वलनकक्षात इंजिन ऑइल शिरले, तर धूर निळसर होतो. उष्णता अपुरी पडून डिझेल न जळताच बाहेर आले किंवा कूलंट आत झिरपले, तर धूर पांढरा दिसतो. पुढील सर्व निदान या एका सूत्रावर उभे आहे.

गॅरेजला जाण्यापूर्वीची नोंद

रोजमेळ न जुळल्यास अनुभवी मुनीम प्रथम कोणत्या तारखेपासून फरक पडला ते शोधतो; लगेच नवी वही घालत नाही. गाडीच्या बाबतीतही चार गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. धूर सकाळी इंजिन सुरू करताना येतो, की गाडी गरम झाल्यावर? उभ्या गाडीत येतो, की चढावर आणि वेग वाढविताना? धूर सुरू झाल्यापासून गाडीची ओढ किंवा प्रतिलिटर अंतर घटले आहे काय? इंजिन ऑइल आणि कूलंट यांची पातळी कमी होत आहे, स्थिर आहे, की वाढत आहे? याबरोबरच धूर दिसू लागण्याच्या सुमारास काय बदलले, हेही आठवावे. पंप बदलला असेल, सर्व्हिसिंग झाले असेल, ऑइल वरून भरले असेल किंवा गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल, तर निदानाचा निम्मा मार्ग तेथेच सापडतो.

धूर पाहण्यासाठी गाडी उघड्या जागेत उभी करावी. बंद गॅरेजमध्ये किंवा गोदामात इंजिन चालू ठेवू नये. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. एक जण आत बसून हळूहळू ॲक्सिलरेटर दाबतो व दुसरा बाजूला उभा राहून पाहतो, अशी व्यवस्था पुरेशी होते. सायलेन्सरच्या नळीच्या टोकाशी काही अंतरावर क्षणभर पांढरा कागद धरल्यास आणखी एक खूण मिळते. कोरडी काळी भुकटी जमली तर ती काजळी. कागद तेलकट होऊन डाग पसरला तर ऑइल किंवा न जळलेले डिझेल.

काळा धूर : हवेची टंचाई किंवा इंधनाची उधळण

डिझेल गाड्यांत सर्वाधिक आढळणारा धूर हाच. जुन्या गाडीने जोरात वेग घेताना क्षणभर काळसर झोत सोडला तर तो फारसा चिंतेचा नसतो. चढावर, भरलेल्या गाडीत किंवा सपाट रस्त्यावरही सतत काळा धूर येत असेल, तर मात्र तपास आवश्यक ठरतो. हा तपास नेहमी स्वस्ताकडून महागाकडे जावा.

पहिली पायरी हवाफिल्टरची. ऊस वाहतुकीच्या हंगामात किंवा कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या पुष्कळ आधीच धुळीने बुजतो. तो काढून उजेडासमोर धरला की त्याची अवस्था ध्यानात येते.

दुसरी पायरी टर्बोच्या रबरी नळ्यांची. टर्बोचार्जर दाबलेली हवा इंटरकूलरमार्गे इंजिनाकडे पाठवितो. त्या मार्गातील एखादी नळी चिरली किंवा क्लिप सैल झाली, तर मोजून घेतलेली हवा वाटेतच निसटते. इंधन मात्र पूर्ण हिशेबाने पडत राहते. वेग वाढविताना ‘सूंऽऽ’ असा आवाज, ओढ कमी आणि पाठीमागे काळा धूर, अशी ही लक्षणे एकत्र येतात. उपाय बहुधा एका नळीचा किंवा क्लिपचा असतो.

तिसरी पायरी ईजीआर व्हॉल्व्हची. हा व्हॉल्व्ह बाहेर जाणाऱ्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून ज्वलनाचे तापमान खाली आणतो. त्यामुळे नायट्रोजनची घातक ऑक्साइडे कमी होतात. शहरातील थांबत-थांबत चालण्याने त्यावर काजळीचा थर चढतो आणि तो उघडा अडकतो. मग ताज्या हवेची जागा धूर घेतो आणि काजळी आणखी वाढते. तो काढून स्वच्छ करता येतो. काही ठिकाणी तो पत्रा लावून कायमचा बंद करण्याचा सल्ला दिला जातो. तो मानू नये. दिसणारा धूर कमी होतो, परंतु न दिसणारा विषारी वायू वाढतो आणि गाडीत अवैध बदल केल्याचा दोषही पदरी येतो.

चौथी पायरी स्कॅनरची. आलेल्या हवेचे माप सांगणारा सेन्सर मळला असेल, तर संगणक चुकीच्या आकड्यावर इंधन ठरवितो. स्कॅनरवर दोषाचा क्रमांक मिळतो. परंतु तो क्रमांक दिशा दाखवितो, निकाल देत नाही. क्रमांक पाहताक्षणी सुटा भाग बदलण्याची घाई करू नये.

यानंतर इंजेक्टरची पाळी येते. फियाटच्या रचनेचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन मराठी घरांना चांगले परिचित आहे. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंतो अशा भिन्न कंपन्यांच्या गाड्यांत ते बसले आणि पुण्याजवळच्या रांजणगाव येथेही ते तयार होत असे. त्या किंवा तत्सम ‘कॉमन रेल’ इंजिनात डिझेलचा दाब हजार बारहून अधिक असतो, म्हणजे टायरमधील हवेच्या दाबाच्या शेकडो पट. एवढ्या दाबाची सूक्ष्म धार त्वचेत शिरू शकते. म्हणून चालू इंजिनाची इंधननळी घरी कधीही सैल करू नये. गॅरेजमध्ये मात्र एक साधी तपासणी आग्रहाने करवून घ्यावी. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्यांना चार लहान बाटल्या लावून काही मिनिटे इंजिन चालवितात. ज्या बाटलीत इतरांहून बरेच अधिक डिझेल जमते, त्या इंजेक्टरवर संशय घट्ट होतो. मग तो एकच काढून टेस्ट बेंचवर पाठवावा. ही तपासणी न करता चारही इंजेक्टर बदलण्यास सांगणे म्हणजे एका ऋणकोच्या थकबाकीसाठी चौघांवर जप्ती आणण्यासारखे आहे.

निळा धूर : जळणारे ऑइल

निळसर धुराचा अर्थ एकच, इंजिन ऑइल ज्वलनकक्षात जात आहे. ते कोणत्या मार्गाने जाते, हे धुराची वेळ सांगते. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना निळा झोत येऊन काही मिनिटांत नाहीसा होत असेल, तर व्हॉल्व्हची सील झिजलेली असण्याची शक्यता अधिक. भार पडताच धूर वाढत असेल आणि इंजिन चालू असताना ऑइल भरण्याच्या तोंडातून जोराने वाफारा येत असेल, तर पिस्टन रिंगांकडे लक्ष जाते. सिग्नलवर बराच वेळ थांबून निघताना निळा लोट येत असेल, तर टर्बोची सील तपासावी. इंटरकूलरची नळी काढल्यावर आत ऑइल साचलेले दिसते.

मोठ्या दुरुस्तीपूर्वी दोन साध्या शक्यता दूर कराव्यात. एक, ऑइल खुणेपेक्षा जास्त भरले गेले आहे काय? दोन, क्रँककेसमधील वाफ बाहेर काढणारी ब्रीदरची नळी बुजली आहे काय? यांपैकी कोणतेही कारण निघाले तर खर्च नाममात्र असतो. ही कारणे नसतील, तर प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणारी कॉम्प्रेशन तपासणी करवून घ्यावी. तिचे आकडे लेखी मागावेत. आकड्यांशिवाय इंजिन उतरविण्यास संमती देऊ नये.

येथे एक धोका प्रत्येक चालकाला ठाऊक असावा. टर्बोची सील फुटून ऑइल मोठ्या प्रमाणात आत गेले, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच चालू लागते. चावी बंद केली तरी ते थांबत नाही. वेग वाढतच जातो आणि दाट धुराचे लोट उठतात. अशा वेळी गाडी थांबवून ब्रेक पूर्ण दाबून धरावा, सर्वांत वरचा गिअर घालून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडते. ऑटोमॅटिक गाडीत हा उपाय चालत नाही. इंजिन तरीही न थांबल्यास बॉनेटजवळ उभे राहू नये आणि सर्वांना दूर न्यावे. निळ्या धुराकडे वर्षभर दुर्लक्ष करण्याची ही खरी किंमत आहे.

पांढरा धूर : थंडी, डिझेल की पाणी?

हिवाळ्याच्या पहाटे नळीतून निघणारी पांढरी वाफ काही मिनिटांत विरून गेली, तर तिची काळजी करण्याचे कारण नाही. ती विरत नसेल, तर वासाकडे जावे. डोळ्यांत झोंबणारा उग्र वास हा न जळलेल्या डिझेलचा. त्यामागे बहुधा हीटर प्लग असतात. थंड इंजिनातील कक्ष तापविण्याचे काम त्यांचे. चारांतील एखादा निकामी झाला की इंजिन सुरू होताना अडखळते, थरथरते आणि पांढरा धूर सोडते. प्लगची विद्युत तपासणी सोपी व स्वस्त आहे. डिझेल फिल्टरमध्ये साठलेले पाणी, इंधनात शिरलेली हवा आणि घटलेले कॉम्प्रेशन ही पुढील कारणे.

दाट पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही येत असेल, त्याला गोडसर वास असेल आणि कूलंटची पातळी बाहेर कोठेही गळती नसताना घटत असेल, तर हेड गॅस्केट फुटल्याचा किंवा हेडला चीर गेल्याचा संशय घ्यावा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर संशय बळावतो. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये मिसळतो आहे काय, हे रंग बदलणाऱ्या एका रसायनाने तपासता येते. अशी गाडी ‘गावापर्यंत तर जाऊ’ म्हणून चालवू नये. इंजिन तापून जाम झाले तर दुरुस्तीचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो. रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना उघडू नये, हे घरातील तरुणांनाही सांगून ठेवावे.

नव्या गाड्यांचा वेगळा नियम

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ मानके लागू झाली. त्यानुसार बनलेल्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. साठलेली काजळी सुमारे सहाशे अंश तापमानाला जाळून तो स्वतःला स्वच्छ करतो. घर ते दुकान एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत ही क्रिया अपुरी राहते आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. तेव्हा पुस्तिकेतील सूचनेप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एकसारख्या वेगाने चालवावी. ऑइलची पातळी वाढत असेल, तर अपुऱ्या राहिलेल्या स्वच्छतेचे डिझेल ऑइलमध्ये मिसळत असावे. ते ऑइल बदलणे निकडीचे असते. डीपीएफ असलेल्या गाडीतून काळा धूर दिसता कामा नये. दिसला, तर फिल्टर फुटला आहे किंवा कोणी तो काढून टाकला आहे. जुनी गाडी विकत घेताना ही एक खूण पुष्कळ सांगून जाते.

पीयूसी : कागद आणि सत्य

डिझेल वाहनाच्या पीयूसी तपासणीत गरम इंजिनाचा ॲक्सिलरेटर काही वेळा पूर्ण दाबून धुराची अपारदर्शकता मोजतात. प्रमाणपत्रावर ती ‘के’ मूल्याच्या रूपात येते. भारत स्टेज-४ गाडीस १.६२ व त्यापूर्वीच्या गाडीस २.४५ ही कमाल मर्यादा आहे. बहुतेक जण ‘पास’ हा शब्द पाहून कागद खणात टाकतात. त्याऐवजी जुनी प्रमाणपत्रे तारखेप्रमाणे लावून आकडे वाचावेत. समजा, गतवर्षी ०.६ असलेला आकडा यंदा १.४ झाला. गाडी दोन्ही वेळा उत्तीर्ण. परंतु आकडा दुपटीहून अधिक वाढला आहे आणि डोळ्यांना धूर दिसण्यापूर्वीच दोषाची वार्ता मिळाली आहे. ताळेबंद एका वर्षाचा पाहून कोणी पेढीची प्रकृती ठरवीत नाही. गाडीचीही ठरवू नये.

गाडी यंत्रासमोर न नेता प्रमाणपत्र मिळविण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. वह्या न पाहता दिलेल्या लेखापरीक्षणाच्या दाखल्याइतकेच त्याचे मूल्य. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्या अपराधालाही दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. श्रावकाला दंडाहून मोठे बंधन त्याच्या व्रतांचे असते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे खऱ्याच्या जागी खोटे देणे, या दोहोंची गणना आहे. न तपासलेल्या गाडीचा दाखला या दोन्हींत बसतो.

हाच विचार गाडी विकतानाही लागू होतो. निळा धूर सोडणाऱ्या इंजिनात जाड ऑइल किंवा एखादे द्रावण ओतले, की काही दिवस धूर दबतो आणि ग्राहक फसतो. पेढीवर मापात काटेकोर असणाऱ्या घराने गाडीच्या व्यवहारात वेगळे माप वापरू नये. दोष सांगून, किमतीत तेवढी घट करून दिलेली गाडी विक्रेत्याची पत वाढविते.

यत्नाचाराचा प्रश्न

जैन विचारात वायू ही रिकामी जागा नाही. पृथ्वी, जल, अग्नी व वनस्पती यांच्याप्रमाणे वायुकायिक जीवही मानले आहेत. गृहस्थाला हिंसा पूर्णतः टाळता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी यत्नाचार, म्हणजेच जयणा, सांगितली आहे. जी हिंसा टाळता येण्याजोगी आहे ती टाळावी, एवढीच तिची अपेक्षा. गाडी वापरणे हा संसाराचा भाग झाला. बुजलेल्या फिल्टरने काजळी ओकणारी गाडी तशीच हाकणे हा प्रमाद आहे.

त्याची झळ कोणाला लागते, हेही पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. काजळीचे कण अडीच मायक्रॉनहूनही सूक्ष्म असतात आणि फुप्फुसांत खोलवर जातात. शाळेच्या फाटकाशी थांबलेल्या गाडीचा धूर मुलांच्या नाकाच्या उंचीवर असतो. चातुर्मास संपल्यावर महामार्गाच्या कडेने विहार करणाऱ्या साधू-साध्वींना काच वर करून घेण्याची सोय नसते. त्यांच्या सेवेसाठी मागोमाग सावकाश चालणारी गाडीच धूर सोडत असेल, तर त्या सेवेत उणीव राहते. विहारसेवेच्या गाडीची तपासणी आधी करून घेणे आणि थांब्यावर इंजिन बंद ठेवणे, हे प्रत्येक मंडळाला सहज शक्य आहे.

खर्चाचा निर्णय

निदान झाल्यावर प्रश्न उरतो तो पैशाचा. दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा, त्यात सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी मागावी आणि काढलेला जुना भाग परत घ्यावा. मोठ्या कामासाठी दुसऱ्या गॅरेजचे मत घेण्यात संकोच नसावा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या घरात जात असेल, तर दुरुस्ती, विक्री व भंगार यांचा हिशेब शेजारी-शेजारी मांडावा. काळ्या धुराच्या दुरुस्तीत एक जमेची बाजूही असते. नळीतून बाहेर जाणारी काजळी हे विकत घेतलेले, पण कामी न आलेले डिझेल असते. दोष दूर झाला की प्रतिलिटर अंतर सुधारते.

गाडीच्या कप्प्यात एक लहान वही ठेवावी. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी ऑइल व कूलंटची पातळी, भरलेले डिझेल, झालेले अंतर आणि थंड इंजिन सुरू करताना दिसलेल्या धुराचा रंग एवढ्या नोंदी त्यात कराव्यात. हे काम घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावे. पाच मिनिटांच्या या सवयीने गाडीचे आयुष्य वाढेल आणि पुढील पिढीला हिशेब व यत्नाचार यांचा पहिला धडा एकाच वहीत मिळेल.